भागाबाईंच्या एकतीस पुरचुंड्या

सुरीला हात न लावता तीनशे पानांचं भरीत करणारा माणूस मी उभ्या आयुष्यात एकच पाहिला. आमचा हिलाल. वांगी कपाशीच्या पऱ्हाटीच्या जाळावर आख्खी भाजायची, सालं बोटांनी ओढायची, मिरच्या आणि लसूण तिथंच विस्तवात परतायचे, कांद्याची पात हातानं मोडायची आणि सगळं लाकडी बडगीत घालून मुसळीनं ठेचायचं. विळी, चाकू, कोयता त्याच्या आसपाससुद्धा दिसायचा नाही. लग्न असो, बारसं असो, हिवाळ्यात गिरणाकाठच्या पाच-सात गावांतून त्याला बोलावणं यायचं. आणि खरी गंमत पुढेच आहे. असं भरीत करणाऱ्या या माणसानं स्वतःचं भरीत कधी जिभेवर ठेवलेलं नव्हतं. चाखायला मी होतो.

"जीवराम, मीठ?"

"आखो चिमूटभर."

"नि तिखट?"

"डोळाले पानी येवाले पाह्यजे. आजून उनं नही."

मग तो चार मिरच्या वाढवायचा. आठ वर्षं मी त्याची जीभ होतो. एका हिवाळ्यात मला असं पडसं झालं की चवच कळेना, तरी मी आपला "आखो मीठ, आखो मीठ" सांगत राहिलो. त्या लग्नात वऱ्हाडानं अर्धी विहीर पिऊन टाकली. नवऱ्याचा मामा मला आजही भेटला की आधी पाणी मागतो.

हिलाल माझा चुलतभाऊ, माझ्याहून दोन वर्षांनी मोठा. भडगावपासून दोन कोसांवर, नदीच्या अलीकडे आमचं गाव. त्याला सुरी वर्ज्य होती, कारण त्याचं रक्त थांबायचं नाही. तुमच्याआमच्या बोटाला विळी लागली तर आपण बोट तोंडात घालतो आणि कामाला लागतो. हिलालला बाभळीचा काटा लागला तर दुसऱ्या दिवशीसुद्धा फडकं ओलं. गुडघा बैलगाडीच्या धुऱ्यावर आपटला, की वरून काही दिसायचं नाही, पण आत रक्त साठून गुडघा टरबुजासारखा फुगायचा आणि गडी महिनाभर खाटेवर. नाक तर कधीही, न विचारता फुटायचं. हे त्याच्या आजोळचं होतं. त्याच्या आईचे, म्हणजे भागाबाईंचे, दोन भाऊ असेच रक्त जाऊन गेले. आमच्याकडे जुनी माणसं सांगायचीच, की हे मामाचं भाच्यात उतरतं, आई मात्र ठणठणीत असते.

भागाबाई माझी थोरली काकू. मी तिला मोठीमाय म्हणायचो. तीन म्हशी, दोन बैल, नवरा लवकर गेलेला, आणि हा एकुलता एक. शाळेचं तोंड तिनं पाहिलेलं नव्हतं, पण हिशेबाला पक्की होती. तिचा एक धाकटा भाऊ झिपरू म्हणून होता. तो दुपारी भरीत-भाकरी जेवून गाडीवर बसला, गाडी कलंडली आणि त्यातच गेला. मोठीमायनं सगळ्या जगाला क्षमा केली, गाडीला केली, बैलांना केली. वांग्याला नाही केली. "वांगं गरम. त्यानीच रगत पातय करं," असं ती म्हणायची. पातय म्हणजे पातळ. हिलाल जन्मला त्याच महिन्यात तिनं वांग्याचं बी एका फडक्यात बांधून त्याची पुरचुंडी चुलीवरच्या सुतळीला टांगली. घरात येणाऱ्याजाणाऱ्या बाईला कळावं, की ही जिन्नस या पोराला द्यायची नाही.

ती पहिली पुरचुंडी. मग सुतळी भरायला लागली. रीत अशी होती, की हिलालचं रक्त आलं की ते थांबवायची खटपट करता करता मोठीमाय विचारायची, "काल काय खाधं व्हतं रे तू?" जे खाल्लं असेल ते बंद, आणि त्याची पुरचुंडी वर. संक्रांतीला पडला, ओठ फुटला, तीळ गेले. मग उडीद, मग बाजरी, मग शेंगदाणे, मग मेथी. नऊ वर्षांचा असताना होळीला नाक फुटलं, आणि गहू, हरभऱ्याची डाळ, गूळ, तिन्ही एकाच दिवशी गेले. एकदा त्यानं आदल्या दिवशी नुसती मुगाची डाळ आणि भात खाल्लेला निघाला. मोठीमाय चुलीपुढे बसून खूप वेळ आठवत राहिली आणि मग तिला सापडलं, की संध्याकाळी शेजारणीनं लसणाची फोडणी दिली होती आणि वारा आमच्या दारावर होता. लसूण वर गेला.

आम्ही हसायचो. हिलाल स्वतः सगळ्यात जास्त हसायचा. "मन्हा पोटमा म्हशीना गोठा शे," म्हणायचा, "नुसतं दूध, दूध, दूध." पण आईचा शब्द त्यानं कधी मोडला नाही. लपूनसुद्धा नाही. मी एकदा शेंगा पुढे केल्या तर म्हणाला, "मी खाईसन पडनू ते ती सोतालेच गुन्हेगार समजी. ऱ्हाऊ दे."

एक्कावन्न साली त्याचं लग्न झालं, जळगावजवळच्या मेहरूणची कुंदाबाई. तिच्या माहेरी तळ्याकाठी बोरांची झाडं. लग्नाच्या पंगतीत सगळे मांडे, पुरण, रस्सा ओरपतायत आणि नवरदेव दूधभात कालवतोय, हे पाहून तिच्या मावशीनं विचारलं, "जावईबापूंचे दात पडले का काय?" हिलाल म्हणाला, "दात शेत मावशी, काम नही." शेत म्हणजे आहेत. पहिल्या हिवाळ्यात कुंदाबाईनं माहेराहून पोतंभर बोरं आणली. मोठीमायनं एक बोर हातात घेतलं, दाबलं, वास घेतला आणि सरळ फडक्यात बांधलं.

कुंदाबाई बघतच राहिली. "आत्याबाई, त्यांनी अजून खाल्लंसुद्धा नाही!"

"आंबट शे. खावानी कसाले वाट देखानी?"

"मग मलाही एका फडक्यात बांधा. मीपण त्याच गावची आहे."

मोठीमाय हसली, पण बोर सुतळीवर गेलं ते गेलंच. अशा त्या एकतीस झाल्या. उरलं काय? दूध, भात, मुगाची डाळ, बस.

आता हे चोपन्न सालचं. आषाढ लागला होता. हिलालचा चेहरा तेव्हा धुतलेल्या धोतरासारखा झाला होता. बडगीत चार घाव घातले की बसायचा. जिना चढला की धाप. ओठ आणि नखं एका रंगाची. आणि त्यात एका सकाळी नाक फुटलं, ते दीड दिवस चाललं. मोठीमायनं डोक्यावर पाणी घातलं, कांदा हुंगवला, मान मागे धरली. आणि थांबल्यावर विचारलं, "काल काय खाधं व्हतं?"

"दूधभात, माय."

"नि परवा?"

"दूधभात."

"मुगनी दाय?"

"ती नही खाधी. दूधभात."

मोठीमाय उठली. फडक्याचा तुकडा फाडला. एका हातात तांदूळ घेतले. दुसऱ्या हाताशी दुधाची चरवी होती. तिथं ती थांबली, ती थांबलीच. मी दारात उभा होतो. मला वाटलं आता रडेल. तर तिनं माझ्याकडे बघून विचारलं, "जीवराम, आते याले खावाले काय देऊ मी? वारा?"

हिलाल खाटेवरून हळू आवाजात म्हणाला, "वाराबी लसूनना शे माय, तो बंद शे."

इतक्या दिवसांत मोठीमाय पहिल्यांदा मोठ्यानं हसली, आणि हसता हसता तिच्या डोळ्यांतून पाणी आलं. कुंदाबाईनं ती वेळ बरोबर धरली. तिच्या माहेरच्या ओळखीत एकाची आतड्याची तक्रार धुळ्याला एका डॉक्टरानं बरी केली होती. रतिलालभाई त्यांचं नाव. "एकदा नेऊ या," ती म्हणाली. मोठीमाय तांदूळ खाली ठेवत म्हणाली, "चाला. पन मी मन्हा कागद संगे लेसू."

तिचा कागद म्हणजे ती सुतळी.

तिसऱ्या दिवशी आम्ही एस.टी.नं धुळ्याला गेलो. हिलाल, मोठीमाय आणि मी. सुतळी तिनं एका लुगड्याच्या तुकड्यात गुंडाळून मांडीवर धरली होती, जसं काही त्यात मूल झोपलंय. रतिलालभाई म्हणजे गोरे, ठेंगणे, बोलताना गुजराथी हेल काढणारे. त्यांनी हिलालच्या डोळ्याची खालची पापणी ओढून पाहिली आणि त्यांचं हसणं गेलं.

"हे तर बिलकुल पांढरं. भाई, तुम्ही खाता काय?"

मोठीमायनं गाठोडं सोडलं आणि सुतळी त्यांच्या टेबलावर पसरली. "हाई खात नही," ती म्हणाली.

डॉक्टरांनी एक एक पुरचुंडी उघडायला घेतली. बाहेर बाकावर रोगी ताटकळतायत आणि आत हा प्रकार. "हे उडीद. हे तीळ. ही बाजरी. हे काय? मेथी. गूळ... याला मुंग्या लागल्या. शेंगदाणे. आणि हे?"

"मेहरूनना बोर."

वीस वर्षांपूर्वीच्या डाळींचं तर पीठच झालं होतं. हरभऱ्यातून एक किडा बाहेर आला आणि डॉक्टरांच्या दौतीवर चढला. त्यांनी चष्मा काढून पुसला.

"आई, मी यांना जे जे खायला सांगणार होतो ना, ते सगळं तुम्ही आधीच बांधून आणलंय."

मला हसू फुटलं. मोठीमायनं माझ्याकडे असं पाहिलं, की मी बाकाखाली जायला जागा शोधली. "खाधं की रगत येस, डॉक्टरसाहेब," ती म्हणाली. "मी सोताना डोळाघाई देखेल शे."

रतिलालभाई भांडले नाहीत. त्यांनी काचेच्या तीन नळ्या आणल्या. एकीत हिलालच्या दंडातून थोडं रक्त घेतलं आणि तिथं पिळा मारून पट्टी अशी घट्ट बांधली, की हिलाल म्हणाला, "मन्हा हात धुयालेच ऱ्हाई का?" म्हणजे हात धुळ्यालाच राहतो की काय. दुसऱ्या नळीत माझं घेतलं. तिसरीत मोठीमायचं. तिन्ही नळ्या लाकडी घोडीत उभ्या केल्या आणि मोठीमायला म्हणाले, "आता तुम्हीच बघा. दर थोड्या वेळानं एकेक नळी वाकडी करायची. मी बाहेरचे रोगी बघून येतो."

मोठीमाय पदर खोचून त्या नळ्यांसमोर बसली. तिचं सगळं आयुष्य दूध, दही आणि ताकात गेलेलं. तिनं नळी वाकडी करून बघायला सुरुवात केली ती अगदी सकाळी दह्याची हंडी कलती करून बघावी तशी. माझी नळी आठ-नऊ मिनिटांत घट्ट झाली, उलटी केली तरी पडेना. तिची थोड्या वेळानं झाली. हिलालची पाण्यासारखी हलत होती. दहा मिनिटं, वीस मिनिटं, भिंतीवरच्या घड्याळाचा काटा अर्ध्या फेरीच्या पुढे गेला, तरी हलत होती.

डॉक्टर परत आले. मोठीमायनं वर पाहिलं.

"जीवराम्या बठ्ठं खास," ती सावकाश म्हणाली. "वांगं खास, लसून खास, उडीद खास. त्यानं लागी गयं. हाऊ नुसता दूधभात खास, नि याले इरजनच लागत नही."

"बरोबर," डॉक्टर म्हणाले. "ते विरजण यांच्या रक्तात जन्मापासून कमी आहे. ते भाजीनं जात नाही आणि भाजीनं येतही नाही. माझ्या कपाटातही त्याचं औषध नाही."

"ते मन्हा माहेरनं शे."

"हो. तुमच्या आईनं तुम्हाला नाक दिलं तसं हेही दिलं. तुम्ही तुमच्या मुलाला दिलं. नाक देताना कुणी विचारतं का?"

मोठीमायनं हिलालची नळी पुन्हा एकदा वाकडी करून पाहिली. माझ्या मनात तेव्हा आलं, की वांग्याचा दोष धरला की आपल्या माहेराचा धरावा लागत नाही. म्हणून ती इतकी वर्षं सुतळी धरून बसली असेल. पण मी काय, सातवी पास माणूस, मला कुणी विचारलं नव्हतं. मग तीच बोलली, आणि जे बोलली ते मी पुढे पन्नास जणांना सांगितलंय.

"साहेब, इरजन येगळं नि दूध येगळं. म्हैसले सरकी-ढेप घाली ते दूध दाट व्हस. इरजन काही म्हैसना पोटमाईन येत नही. मी याले इरजन देवाले निंघनू, नि याना दूधनंच पानी करी टाकं. असंच ना?"

रतिलालभाई खुर्चीत मागे टेकले. "आई," ते म्हणाले, "मला कॉलेजात हे शिकायला दोन वर्षं लागली."

मग त्यांनी साफ सांगितलं. रक्त जातच राहणार, ते खाण्यानं थांबणार नाही. पण गेलेलं रक्त भरून काढायला खाणं लागतं. बाजरी, गूळ, शेंगा, तीळ, पालेभाज्या, डाळी, वर बोरासारखं आंबट. "आत्ता यांच्या अंगात इतकं कमी आहे, की पुन्हा दीड दिवस नाक चाललं तर मला भरवसा देता येणार नाही. भरून निघालं, तर तेच रक्त गेलं तरी माणूस उभा राहील. थंडीत परत आणा, मी पापणी बघेन." ऊस दातांनी सोलायचा नाही, हिरडीला टोचेल असं कडक खायचं नाही, एवढी दोनच बंधनं घातली. आणि नाक फुटलं तर मान मागे टाकायची नाही, पुढे वाकून बसवायचं आणि नाकपुड्या चिमटीत धरून ठेवायच्या, हे मोठीमायच्या नाकावर करून दाखवलं.

कळलं, ते एक. हातानं वाढणं, ते दुसरं. घरी आल्यावर मोठीमायनं सुतळी परत टांगली नाही, पण ताटात दूधभातच. भाकरी थापायची, त्याच्यासमोर न्यायची आणि तशीच परत आणायची. कुंदाबाई दात-ओठ खायची. हिलाल म्हणायचा, "थांब. अठ्ठावीस वरीसना हात शे तिन्हा, आठ दिनमा कसा वयी?" वयी म्हणजे वळेल. आणि इकडे तो दिवसेंदिवस फिकटत चालला होता. आम्हा तिघांना एकच धास्ती, पुढचं रक्त आधी येतं की हिची भाकरी आधी येते.

अशात श्रावण आला आणि कानबाई आली.

खानदेशाबाहेरच्यांसाठी सांगतो. नागपंचमीनंतरच्या रविवारी आमच्याकडे कानबाई बसते. नारळाची देवी, तिला नथ, साज, फुलांची छत्री. आदल्या दिवशी रोटाचे गहू आणि हरभऱ्याची डाळ मोजतात. घरात जितके पुरुष, लहान-मोठे धरून, तितक्या सव्वा-सव्वा मुठी. त्याची पुरणपोळी, कटाची आमटी, खीर, गंगाफळाची भाजी. हा रोट भाऊबंदांनीच पौर्णिमेच्या आत खायचा. घराबाहेर द्यायचा नाही, गुराला घालायचा नाही, टाकायचा नाही आणि उरवायचा तर मुळीच नाही. हिलालची मूठ दरवर्षी धरली जायची, कारण देवीपुढे माणूस वगळता येत नाही. पण गहू, हरभरा आणि गूळ, तिन्ही त्याचे बंद. म्हणून त्याच्या वाटचा रोट गेली एकोणीस वर्षं मोठीमाय खात आली होती.

त्या रविवारी सगळी भाऊबंदकी ओसरीवर. सगळ्यांत वडील लोटनआबा, माझ्या आजोबांचे धाकटे भाऊ, मिशी आणि अधिकार दोन्ही पांढरे. पानं वाढली. हिलालसमोर दुधाची वाटी ठेवायला कुंदाबाई वाकली, आणि मोठीमायनं तिचा हात धरला. तिनं चुलीजवळून पोळी आणली, तुपाची धार सोडली आणि हिलालच्या पानात घातली.

हिलालनं एक घास मोडला. तोंडात घातला. एकोणीस वर्षांनी पुरण! त्यानं डोळे मिटले. चावायचंच विसरला. दुसरा घास घेतला, तिसरा घेतला, आणि चौथ्याला नाकातून लाल थेंब पानावर पडला.

काय सांगू तुम्हाला. बायकांनी "वं माय" म्हणून तोंडावर पदर घेतले. लोटनआबांनी हात वर केला. "भागा, कानबाईनं नही म्हनं. उचल ते पान."

मोठीमाय तोवर हिलालजवळ बसलीसुद्धा होती. त्याला पुढे वाकवलं आणि नाक चिमटीत धरलं. धरल्या धरल्या म्हणाली, "आबा, आषाढमा दूधभातवर दीड दिन फुटनं व्हतं. ते काय म्हशीनं नही म्हनं?"

"देवीना रोटवर रगत सांडनं बाई!"

"पानवर सांडनं. पान बदली देसू."

"नि आखो उनं ते?"

"येईच ना. ते येवाचंच शे. तेन्हाकरताच ते याले खावाले पाह्यजे."

हिलाल नाक दाबलेल्या आवाजात म्हणाला, "आबा, तुम्ही जेवा. थंडं व्हई राह्यनं."

कोण जेवतो! सगळे हात पानात ठेवून त्या नाकाकडे बघत बसले. खीर गोठली, आमटीवर साय आली. घड्याळ कुणाकडे नव्हतं, पण दिंडीदरवाज्याची सावली हातभर सरकली तेव्हा मोठीमायनं चिमटी सैल केली. थेंब नाही. परत वाट पाहिली. नाही.

तिनं पान बदललं. नवीन पोळी वाढली. लोटनआबा पुन्हा तोंड उघडणार, तोच ती म्हणाली, "आबा, हाऊ यान्हा सव्वा मूठना वाटा. एकोनीस वरीस मी खाधा. औंदा मी खात नही. तुम्हीबी आपापला वाटा खावा. यान्हा यानीच सरावाना. उरना ते कानबाई तुम्हले इचारी, माले नही."

आबांची पंचाईत झाली. रोट उरला तर सगळ्या कुळाला दोष, बाहेर देता येत नाही, टाकता येत नाही, आणि भागा तर तोंड मिटून बसलेली. त्यांनी मिशीवरून हात फिरवला, हिलालकडे पाहिलं, पोळीकडे पाहिलं.

"मंग खाय ना रे," ते ओरडले, "माले काय देखस? कितला दिन लावशी?"

ओसरीवर असं हसू उठलं, की कानबाईच्या छत्रीतली फुलं हलली असतील. हिलालनं ती पोळी खाल्ली, दुसरी खाल्ली, कटाची आमटी ओरपली, आणि ठसका लागून सगळ्यांच्या अंगावर उडवली. तिखट कधी खाल्लेलंच नव्हतं बिचाऱ्यानं. पौर्णिमेच्या आत त्यानं आपली सव्वा मूठ सरवली. शेवटच्या दिवशी लोटनआबा स्वतः येऊन त्याचं पान तपासून गेले.

नंतर गाडी सुटली ती सुटलीच. मोठीमायनं त्या जुन्या पुरचुंड्या उकिरड्यावर सोडल्या. कोंबड्या टिपून गेल्या आणि एकीलाही काही झालं नाही, हे तिनं दोन दिवस लक्ष ठेवून पाहिलं. बाजरीची भाकरी, उडदाची डाळ, अंबाडीची भाजी, तिळाची चटणी, गूळ घालून शेंगदाण्याचे लाडू. कुंदाबाई वाढायची आणि मोठीमाय बघायची. पहिले काही दिवस त्याच्या पोटानं बंड केलं, आणि मोठीमाय परसाकडच्या वाटेवर लोटा घेऊन उभी राहायची. मग पोट सरावलं.

दिवाळीच्या सुमाराला त्याचा गुडघा फुगला. दगडीबाई म्हणून आमची शेजारीण होती, ती पळत आली, "काय खाधं व्हतं वं?" मोठीमाय म्हणाली, "बठ्ठंच खाधं व्हतं. कसाकसाले नाव ठेवशी?" हिलाल पडून राहिला, गुडघ्याखाली उशी, आणि पडल्या पडल्या जेवत राहिला. एरवी महिना लागायचा आणि उठल्यावर भिंत धरून चालायचा. या खेपेला अकराव्या दिवशी उठला आणि पाय ओढत का होईना, म्हशीपर्यंत गेला.

चंपाषष्ठीला मोसमातलं पहिलं भरीत पडलं. बडगीतून एक बोट त्यानं स्वतः जिभेला लावलं. आम्ही सगळे वाट बघतोय, आता काय म्हणतो. त्यानं माझ्याकडे वळून विचारलं, "आठ वरीस तू माले हाई सांगत व्हता?"

"काय झालं?"

"जीवराम्या, याम्हा शेंगदाना कमी शेत!"

आणि दोन मुठी शेंगदाणे घातले. वाईट याचं वाटतं, की ते खरंच आधीपेक्षा चांगलं लागत होतं. त्या दिवसापासून माझी नोकरी गेली.

पौषात आम्ही चौघं धुळ्याला गेलो, या खेपेला कुंदाबाईसुद्धा. दवाखान्यात रतिलालभाईंनी हिलालला खिडकीपाशी उजेडात उभं केलं आणि अंगठ्यानं पापणी खाली ओढली. मोठीमाय त्यांच्या कोपराखालून मान घालून बघत होती. डॉक्टर काही बोलायच्या आतच ती म्हणाली, "लाल."

"लाल," डॉक्टर म्हणाले. मग त्यांनी बोटातून थेंब घेऊन कसल्याशा काचेत रंग जुळवून पाहिला आणि दोनदा मान हलवली. "दीडपट झालं, आई. विरजण तेवढंच आहे हां, जपायचं तसंच जपा. पण दूध दाट झालं."

मोठीमायनं त्यांच्या टेबलावर एक पुरचुंडी ठेवली. त्यांनी दचकून हात मागे घेतला. "आता काय बंद केलंत?"

"काही नही. तुम्हले लाडू शेत."

तिथून बाहेर पडलो तर ऊन छान पडलेलं, स्टँडवर आमची गाडी लागलेली आणि समोरच्या हॉटेलात कढईत भजी. हिलाल म्हणाला, "पाचच मिनिट." आम्ही बसलो. कांद्याची भजी, वर तळलेल्या हिरव्या मिरच्या, मीठ लावलेल्या. त्यानं पहिली बशी संपवली, दुसरी मागवली. मिरची चावली, डोळ्यांतून पाणी, नाकातून पाणी, नुसतं पाणी, आणि तरी हसतोय. कुंदाबाई त्याच्या बशीतलं उचलतेय, तो तिच्या हातावर चापट मारतोय. मी मध्येच बघितलं तर कंडक्टरनं घंटी मारली.

"हिलाल, गाडी!"

"येस येस, हाई एक संपू दे."

गाडी धूळ उडवत फाटकातून बाहेर पडली. पुढची तीन तासांनी होती. मी कपाळावर हात मारला. मोठीमायनं गाडीकडे पाहिलं, मग लेकाच्या बशीकडे पाहिलं, लुगडं सावरून बाकावर नीट बसली आणि हॉटेलवाल्याला हाक मारली.

"ओ भाऊ, आखो एक बशी आन. नि मिरच्या जास्ती टाक."